औषधांना दाद न देणारे रोगजंतू आणि अभियांत्रिकीचे उपाय

पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला आणि पुढील वर्षी तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने उभारलेल्या या कारखान्यामुळे परदेशातून आणावे लागणारे एक जीवनदायी औषध देशातच तयार होऊ लागले. न्यूमोनिया, सूतिकाज्वर, चिघळलेल्या जखमा अशा ज्या व्याधींपुढे आधीच्या पिढ्या हतबल होत्या, त्या व्याधी चार-आठ दिवसांच्या उपचारांनी बऱ्या होऊ लागल्या. प्रतिजैविकांचे युग आपल्याकडे अवतरले ते असे.

पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये लंडन येथे लावला. तथापि ते सर्वसामान्य रुग्णाच्या आवाक्यात आणण्याचे श्रेय फार मोठ्या प्रमाणावर अभियंत्यांकडे जाते. प्रारंभी ऑक्सफर्ड येथील शास्त्रज्ञ ही बुरशी उथळ भांड्यांत वाढवीत आणि एका रुग्णाला पुरेल एवढे औषधही मोठ्या कष्टाने हाती येई. पुढे अमेरिकेत निर्जंतुक हवेचा पुरवठा आणि सतत ढवळण्याची व्यवस्था असलेल्या प्रचंड टाक्यांतून ही बुरशी वाढविण्याचे तंत्र विकसित झाले. पेनिसिलिनच्या पहिल्या व्यापारी कारखान्याचा आराखडा मार्गारेट हचिन्सन या रसायन अभियंत्या महिलेने तयार केला होता.

आज हीच औषधे निष्प्रभ होऊ लागली आहेत. त्यांची उपयुक्तता टिकविण्यासाठी पुन्हा एकदा अभियांत्रिकीकडे वळावे लागत आहे. मात्र या वेळी अभियंत्याचे कार्यक्षेत्र औषधाच्या टाकीपुरते मर्यादित नाही. गावाची नळयोजना, सांडपाण्याचे गटार, दवाखान्याची खिडकी, कारखान्याचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आणि प्रयोगशाळेतील निदानयंत्र ही सर्व या लढ्याची ठाणी आहेत. यांपैकी अनेक ठाणी ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या आणि तालुका पातळीवरील कार्यालयांच्या अखत्यारीत येतात.

प्रतिरोध म्हणजे काय?

या विषयात एक गैरसमज सर्रास आढळतो. सतत औषध घेतल्याने माणसाच्या शरीराला औषधाची सवय होते, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः बदल शरीरात होत नाही. तो रोगजंतूंमध्ये होतो. माणसाची रोगप्रतिकारशक्ती ही त्याला हितकारक असते, तर रोगजंतूंचा औषधाला होणारा प्रतिरोध त्याला घातक ठरतो. या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत.

जीवाणूंची संख्या अत्यंत वेगाने वाढते. त्यांच्या कोट्यवधींच्या समूहात एखादा जीवाणू असा निघतो की, त्याच्या अंगी औषधापासून बचाव करण्याची काही ना काही युक्ती असते. काही जीवाणू औषधाचे विघटन करणारे विकर तयार करतात, काही आत शिरलेले औषध पंपाप्रमाणे बाहेर फेकतात, तर काही औषधाचा मारा ज्या ठिकाणी होतो त्या भागाची रचनाच बदलून टाकतात. औषधाने इतर जीवाणू मरतात आणि हा एक मागे उरतो. पुढे त्याचीच प्रजा वाढते. अपुऱ्या मात्रेमुळे असे जीवाणू तयार होतील, असा इशारा खुद्द फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या व्याख्यानात दिला होता.

याहून चिंताजनक बाब अशी की, बचावाची ही युक्ती एक जीवाणू शेजारच्या, अगदी भिन्न जातीच्या जीवाणूलाही देऊ शकतो. जनुकांचे लहानसे वेटोळे एकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि दुसराही औषधाला दाद देईनासा होतो. ज्या ठिकाणी नाना जातींचे जीवाणू दाटीवाटीने एकत्र येतात आणि जोडीला औषधाचा अंशही असतो, ती ठिकाणे या देवघेवीस विशेष अनुकूल असतात. मानवी आतडे, मैलापाणी, रुग्णालयाची मोरी आणि औषध कारखान्याचे सांडपाणी ही अशी ठिकाणे होत. म्हणूनच हा प्रश्न डॉक्टरांच्या चिठ्ठीबरोबरच गटारांच्या नकाशाशीही निगडित आहे.

समस्येचे स्वरूप किती मोठे आहे, याचा अंदाज २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासावरून येतो. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधरोधी जीवाणूंमुळे झाले आणि सुमारे ४९ लाख ५० हजार मृत्यूंशी अशा संसर्गाचा संबंध होता. भारतासाठी हेच अंदाज अनुक्रमे सुमारे २ लाख ९७ हजार आणि १० लाख ४२ हजार असे आहेत. नवजात बालकांच्या रक्तातील जंतुसंसर्ग, शस्त्रक्रियेनंतरची जखम, कर्करोगावरील उपचार घेत असलेल्या रुग्णाला आलेला ताप या प्रत्येक प्रसंगी प्रतिजैविक हाच आधार असतो. तो गेला तर नेहमीच्या शस्त्रक्रियाही धोक्याच्या ठरतील.

पाण्याची वाट

अतिसाराच्या बहुसंख्य रुग्णांना प्रतिजैविकांची आवश्यकता नसते. त्यांना जलसंजीवनी, झिंकच्या गोळ्या आणि योग्य आहार यांची गरज असते. तरीही जुलाब सुरू होताच प्रतिजैविक घेण्याची प्रथा सर्वत्र पडली आहे. २०१६ साली ब्रिटनमध्ये जिम ओनील यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने भारत, इंडोनेशिया, नायजेरिया आणि ब्राझील या चार देशांचा विचार करून असा अंदाज मांडला की, तेथे दरवर्षी अतिसारासाठी प्रतिजैविकांचे जवळजवळ ५० कोटी उपचार होतात. सर्वांना चांगले पाणी आणि स्वच्छतेच्या सोयी मिळाल्यास हे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी घटू शकेल, असेही त्या गटाने नमूद केले. एवढी औषधे वाचविण्याचे सामर्थ्य कोणत्याही प्रचारपत्रकात नाही. ते नळाच्या शुद्ध पाण्यात आहे.

शुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी घरात पोहोचेपर्यंत शुद्ध राहतेच असे नाही. अनेक गावांत व शहरांत पाणी दिवसातून तास-दोन तास किंवा एक दिवसाआड सोडले जाते. नळाला पाणी असते तेव्हा जलवाहिनीत दाब असतो आणि गळतीच्या जागेतून पाणी बाहेर पडते. पुरवठा बंद झाला की दाब नाहीसा होतो. अशा वेळी शेजारच्या गटारातील घाण त्याच छिद्रातून आत ओढली जाते आणि दुसऱ्या दिवशी प्रथम सुटणाऱ्या पाण्याबरोबर घरोघर जाते. जलवाहिनी गटारातून किंवा गटाराखालून नेलेली असेल, तर हा धोका अधिकच वाढतो. यावर अभियंत्यांनी सुचविलेला उपाय म्हणजे वाहिनीत सतत दाब राखणे. सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या मलकापूर येथे मीटरच्या आधारे चोवीस तास पाणीपुरवठ्याची योजना राबविण्यात आली. जेथे अशी योजना तूर्त शक्य नाही तेथे गळती वेळच्या वेळी बुजविणे, व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये सांडपाणी साचू न देणे आणि नळाच्या तोट्या बसविणे ही कामे तरी करता येतात.

पाण्याच्या निर्जंतुकीकरणासाठी ग्रामपंचायतीत वापरली जाणारी टीसीएल पावडर ही या लढ्यातील सर्वांत स्वस्त वस्तू आहे. औषधाला दाद न देणारा जीवाणूही क्लोरीनपुढे सहसा टिकत नाही. परंतु पावडर उघडी व दमट जागेत ठेवल्यास तिच्यातील क्लोरीन उडून जातो आणि उरते ती केवळ चुन्याची भुकटी. पाणी गढूळ असल्यास क्लोरीन गाळावरच खर्च होतो. पावडर टाकल्यापासून किमान अर्धा तास पाणी टाकीत राहणे आवश्यक असते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक राहावयास हवा. जलसुरक्षकाने ओ. टी. चाचणी टाकीपाशी न करता गावाच्या शेवटच्या नळावर केली, तरच खरी स्थिती कळते.

मैला आणि सांडपाणी

राजधानी दिल्लीत २०१० साली ब्रिटिश संशोधकांनी नळाच्या पाण्याचे ५० आणि रस्त्यालगत साचलेल्या पाण्याचे १७१ नमुने घेतले. कार्बापेनेम या अखेरच्या फळीतील प्रतिजैविकांना निष्प्रभ करणारे एनडीएम-१ हे जनुक नळाच्या २ नमुन्यांत आणि साचलेल्या पाण्याच्या ५१ नमुन्यांत आढळले. २०११ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जे जनुक रुग्णालयात आहे असे समजले जात होते, ते रस्त्याच्या कडेला आढळले, हे या पाहणीचे महत्त्व होय. पुढे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अनेक देशांच्या तुलनेतही असे दिसून आले की, स्वच्छतेच्या पायाभूत सोयी आणि कारभाराचा दर्जा चांगला असेल तेथे औषधरोधी जीवाणूंचे प्रमाण कमी असते. औषधांच्या वापराशी या प्रमाणाचा तितका स्पष्ट संबंध त्या अभ्यासात आढळला नाही. औषधांचा गैरवापर थांबविणे आवश्यक आहेच. परंतु एकदा निर्माण झालेला प्रतिरोध पसरतो तो मुख्यतः घाणीच्या वाटेने, असा याचा अर्थ आहे.

दोन खड्ड्यांचे शौचालय या दृष्टीने विचारपूर्वक केलेली रचना आहे. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा वापरात आणावयाचा. बंद खड्ड्यातील मैला दीड-दोन वर्षे तसाच राहिला म्हणजे त्यातील रोगजंतू बहुतांशी नाहीसे होतात आणि खत तयार होते. याउलट अनेक ठिकाणी बांधलेल्या सेप्टिक टाकीत मैला केवळ खाली बसतो. वरून बाहेर पडणारे पाणी रोगजंतूंनी भरलेलेच असते. ते शोषखड्ड्यात न सोडता उघड्या गटारात सोडले, तर शौचालय बांधूनही गाव मैलापाण्यापासून मुक्त होत नाही. शौचालयांच्या मोजणीबरोबरच त्यांतून बाहेर पडणारे पाणी कोठे जाते, याचीही नोंद ग्रामपंचायतीने ठेवणे इष्ट ठरेल.

शहरांतील सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांमुळे जीवाणूंची संख्या पुष्कळ घटते. मात्र ही केंद्रे मुळात सेंद्रिय घाण काढण्यासाठी बांधलेली असतात, औषधांचे अंश काढण्यासाठी नव्हे. यासाठी ओझोन वायू किंवा सक्रिय कोळसा वापरून आणखी एक टप्पा जोडावा लागतो. स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक केंद्रांत असा टप्पा कायद्याने आणला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये संमत केलेल्या निर्देशानुसार या वाढीव टप्प्याच्या खर्चातील किमान ८० टक्के वाटा औषधे व सौंदर्यप्रसाधने तयार करणाऱ्या उद्योगांनी उचलावयाचा आहे.

कारखान्याच्या दाराशी

हैदराबादजवळील पाटणचेरू येथे सुमारे ९० औषध उत्पादकांचे सांडपाणी एका सामाईक केंद्रात शुद्ध केले जात असे. स्वीडनच्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत त्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाचे प्रमाण एका लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही हे औषध एवढ्या प्रमाणात नसते. अशा प्रवाहात जे जीवाणू तग धरतात ते औषधरोधीच असणार, हे उघड आहे.

या समस्येवर तांत्रिक उपाय उपलब्ध आहेत. तीव्र औषधांश असलेले सांडपाणी इतर पाण्यात मिसळण्यापूर्वीच वेगळे काढणे, हा पहिला नियम होय. कारण एकदा ते विरळ झाले की त्यातील औषध काढणे कठीण व खर्चाचे होते. वेगळ्या काढलेल्या या पाण्यातील पेनिसिलिन वर्गातील औषधे अल्कलीच्या प्रक्रियेने निष्क्रिय करता येतात. इतर द्रव बाष्पीभवनाने आटवून उरलेला गाळ उच्च तापमानात जाळता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रतिजैविकांच्या कारखान्यांतील सांडपाणी व घनकचरा यांबाबत पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. भारतात जानेवारी २०२० मधील मसुद्यात सांडपाण्यातील प्रतिजैविकांच्या अंशांवर मर्यादा प्रस्तावित करण्यात आल्या होत्या. २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्यांचा समावेश झाला नाही. महाराष्ट्रातील औद्योगिक वसाहतींतही औषधनिर्मितीचे मोठे उद्योग असल्याने हा विषय येथील नियोजनकारांनाही दृष्टीआड करता येणार नाही.

रुग्णालयाची वास्तू

औषधरोधी जंतूंचा संसर्ग मोठ्या प्रमाणावर रुग्णालयातच होतो. व्हिएन्ना येथील प्रसूतिगृहात १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुण्यास लावले. त्या वर्षी एप्रिलमध्ये बाळंतिणींच्या मृत्यूचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. जूनमध्ये ते २ टक्क्यांच्या आसपास आले. प्रतिजैविके अस्तित्वात येण्यापूर्वी जवळजवळ शंभर वर्षे मिळालेले हे यश होते आणि ते मिळवून देणारे द्रावण आजच्या टीसीएल पावडरीच्याच जातीचे होते.

हात धुण्याची सवय उपदेशाने लागते तेवढीच ती सोयीनेही लागते. हात धुण्याचे बेसिन खाटेपासून दूर, कोपऱ्यात असेल तर घाईत असलेली परिचारिका तेथवर जाऊ शकत नाही. कोपराने उघडता येणारी तोटी, अखंड पाणी आणि साबण या गोष्टी आराखड्यातच धरल्या पाहिजेत. नळाची धार थेट बेसिनच्या जाळीवर पडू नये, ही बाबही क्षुल्लक नाही. जाळीखालच्या ओलसर नळीत जीवाणूंचा चिकट थर वाढतो आणि धारेच्या तुषारांबरोबर तो आजूबाजूला उडतो. त्याचप्रमाणे शस्त्रक्रियेची उपकरणे ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअस तापमानाच्या वाफेत किमान १५ मिनिटे राहिली की नाही, हे तपासण्याच्या पट्ट्या नियमितपणे वापरणे अगत्याचे आहे.

क्षयरोगाच्या बाबतीत हवेची वाट महत्त्वाची ठरते. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचा रुग्ण खोकला की त्याचे जंतू हवेत तरंगत राहतात. पेरू देशातील लिमा शहरात आठ रुग्णालयांमधील ७० खोल्यांची पाहणी करण्यात आली व २००७ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उंच छत आणि मोठ्या खिडक्या असलेल्या जुन्या इमारतींत, दारे-खिडक्या उघडल्यावर खोलीतील हवा तासाला सुमारे ४० वेळा बदलत असे. नव्या, बुटक्या छताच्या खोल्यांत हे प्रमाण १७ होते. यंत्राच्या साहाय्याने हवा खेळविणाऱ्या खोल्यांसाठी शिफारस केलेले प्रमाण १२ आहे. आपल्याकडील जुन्या दगडी दवाखान्यांच्या उंच खिडक्या आणि झरोके यांचे महत्त्व यावरून लक्षात यावे. दुरुस्तीच्या वेळी त्या खिडक्या बुजवून खोली वातानुकूलित करण्यापूर्वी हा हिशेब पाहणे हितावह आहे. जेथे हवा पुरेशी खेळत नाही तेथे भिंतीवर डोक्यापेक्षा उंच जागी जंबुपार किरणांचे दिवे बसवून वरच्या हवेतील जंतू मारता येतात. हे किरण डोळ्यांना व त्वचेला अपायकारक असल्याने त्यांची मांडणी मात्र जाणकारांकडूनच करून घ्यावी लागते.

२०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासमालिकेनुसार अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत केवळ प्रतिबंधक उपायांनी दरवर्षी सुमारे साडेसात लाख मृत्यू टाळता येतील. त्यांपैकी ३ लाख ३७ हजार आरोग्य केंद्रांतील संसर्ग-नियंत्रणाने, सुमारे २ लाख ४८ हजार वस्तीतील पाणी व स्वच्छतेच्या सोयींनी आणि सुमारे १ लाख ८२ हजार बालकांच्या लसीकरणाने टळू शकतील.

अचूक निदानाची यंत्रे

ताप जीवाणूंमुळे आहे की विषाणूंमुळे, हे तत्काळ समजत नसल्याने डॉक्टर पुष्कळदा अंदाजाने प्रतिजैविक देतात. जंतूंची वाढ करून त्यांच्यावर कोणते औषध लागू पडते, हे पाहण्यास दोन-तीन दिवस लागतात. क्षयाच्या जंतूंच्या बाबतीत तर कित्येक आठवडे जातात. हा वेळ वाचविणारी यंत्रे ही अभियांत्रिकीची महत्त्वाची देणगी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली शिफारस केलेले व आपल्याकडे सीबीनॅट म्हणून ओळखले जाणारे यंत्र थुंकीतील क्षयाचे जंतू आणि त्यांचा रिफाम्पिसिनला असलेला प्रतिरोध सुमारे दोन तासांत दाखविते. परंतु त्यास अखंड वीज आणि थंड खोली लागते. ही उणीव गोव्यातील एका कंपनीच्या ट्रूनॅट या बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राने भरून काढली. २०२० मध्ये त्यास जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. असे यंत्र प्राथमिक आरोग्य केंद्रातही चालू शकते.

मूत्रमार्गाच्या संसर्गाचे निदान करणाऱ्या एका स्वीडिश यंत्रास २०२४ साली ब्रिटनमधील लाँजिट्यूड पारितोषिक मिळाले. जीवाणू आहेत की नाहीत हे ते सुमारे १५ मिनिटांत आणि कोणते औषध लागू पडेल हे सुमारे ४५ मिनिटांत सांगते. रुग्ण दवाखान्यात बसलेला असतानाच उत्तर मिळाले, तर अंदाजाने औषध देण्याचे कारणच उरत नाही.

नवी साधने

जीवाणूंना भक्ष्य करणारे विषाणूही निसर्गात आहेत. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात, असे आग्रा येथे कार्य करणाऱ्या अर्नेस्ट हँकिन यांनी १८९६ मध्ये नमूद केले होते. १९१७ साली फेलिक्स द'हेरेल यांनी या जीवाणुभक्षक विषाणूंचे स्वरूप स्पष्ट केले. आता जनुकीय अभियांत्रिकीने त्यांच्यात हवे तसे फेरफार करता येतात. लंडनमधील एका १५ वर्षीय रुग्णाच्या हट्टी संसर्गावर तीन विषाणूंचे मिश्रण वापरण्यात आले व २०१९ मध्ये त्याची हकिकत प्रसिद्ध झाली. त्यांतील दोन विषाणू प्रयोगशाळेत सुधारलेले होते, तर तिसरा दक्षिण आफ्रिकेतील एका कुजलेल्या वांग्यावर सापडला होता. रुग्णाची प्रकृती बरीच सुधारली.

औषधांच्या शोधासाठी संगणकाचाही उपयोग होऊ लागला आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली संगणकास सुमारे २,५०० संयुगांची माहिती शिकविली आणि त्याच्याकरवी हजारो संयुगांतून हॅलिसिन हे जंतुनाशक संयुग निवडून काढले. मूलतः ते मधुमेहासाठी विचारात घेतलेले होते. अशा शोधांचे स्वागतच केले पाहिजे. मात्र प्रयोगशाळेतील संयुग रुग्णाच्या हाती पडेपर्यंत अनेक वर्षे लोटतात आणि नव्या औषधालाही जीवाणू कालांतराने तोंड देऊ लागतात. म्हणून नव्या औषधाची वाट पाहत हातातील औषधे गमावणे शहाणपणाचे नव्हे.

गोठा व कुक्कुटपालन

पशुपालनातही प्रतिजैविकांचा वापर होतो. कोलिस्टिन हे माणसासाठी राखीव ठेवावयाचे औषध अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांना व कोंबड्यांना देण्यास केंद्र शासनाने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली. येथेही रचनेचे महत्त्व आहेच. हवेशीर शेड, प्रवेशद्वारापाशी पाय निर्जंतुक करण्याची व्यवस्था, स्वच्छ पाण्याची भांडी आणि दाटी टाळणे यांमुळे आजारच कमी होतात. शेण व कोंबडीखत ढिगात नीट रचल्यास आतील उष्णता ५५ अंशांच्या वर जाते आणि ती काही दिवस टिकल्यास बहुतेक रोगजंतू मरतात. कच्चे खत थेट भाजीच्या वाफ्यात टाकल्यास मात्र ते जंतू पिकापर्यंत पोहोचतात.

देखभाल हीच कसोटी

वरील बहुतेक उपाय नवे नाहीत आणि त्यांपैकी कित्येक फारसे खर्चाचेही नाहीत. अडचण येते ती देखभालीच्या वेळी. शुद्धीकरण केंद्र बांधले जाते, पण टीसीएल पावडर संपलेली असते. निदानयंत्र येते, पण त्यास लागणारे साहित्य वेळेवर पोहोचत नाही. बेसिन बसविले जाते, पण वरच्या टाकीत पाणी चढत नाही. यंत्रणा एक आठवडा बंद राहिली तर तेवढ्या अवधीत पसरलेला संसर्ग आणि त्यासाठी घेतलेली औषधे परत घेता येत नाहीत.

महाराष्ट्रात २००० साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने लोकसहभागातून गावे स्वच्छ होऊ शकतात, हे दाखवून दिले. २०१४ चे स्वच्छ भारत अभियान आणि २०१९ चे जल जीवन अभियान यांतून पुष्कळ बांधकामे उभी राहिली. पंधराव्या वित्त आयोगानेही २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांसाठी बांधून दिली होती. या सोयी सतत चालू ठेवण्याचे काम आता गावाकडे आहे.

त्यासाठी ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत काही साध्या बाबींचा आढावा घेता येईल. शेवटच्या नळावरील ओ. टी. चाचणीची रोजची नोंद आहे काय, पावडरीचा साठा कोरड्या जागी आहे काय, गळत्या किती व किती दिवसांच्या आहेत, सेप्टिक टाक्यांचे पाणी कोठे जाते आणि उपकेंद्रातील बेसिनला पाणी आहे काय, एवढे पाच प्रश्न विचारले तरी बरेच दोष उघडकीस येतील. शाळेत शिक्षकांना आणखी एक काम करता येण्यासारखे आहे. प्रतिजैविक हे तापाचे वा सर्दीचे औषध नव्हे. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावयाचे असते आणि उरलेल्या गोळ्या दुसऱ्याला द्यावयाच्या किंवा मोरीत टाकावयाच्या नसतात, ही माहिती मुलांमार्फत घरोघर पोहोचू शकते. ज्या औषधांच्या वेष्टनावर लाल उभी रेषा असते ती चिठ्ठीशिवाय घ्यावयाची नाहीत, हे सहावी-सातवीच्या विद्यार्थ्यालाही सहज ओळखता येते.

सप्टेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत जगातील राष्ट्रांनी २०३० पर्यंत सर्व आरोग्य केंद्रांत पाणी, स्वच्छता व कचरा व्यवस्थापनाच्या मूलभूत सोयी पुरविण्याचे उद्दिष्ट मान्य केले. हे उद्दिष्ट अखेर एकेका गावातील एकेका केंद्रातच पूर्ण व्हावयाचे आहे. तालुक्याच्या रुग्णालयात एखाद्या नवजात बालकाला जंतुसंसर्ग झाला, तर त्याच्यासाठी वापरलेले औषध लागू पडेल की नाही, हे त्या दिवशी ठरत नाही. ते त्यापूर्वी अनेक वर्षे त्या परिसरातील पाणी, गटारे आणि प्रसूतिकक्ष कसे राखले गेले यावर अवलंबून असते.